टेबलाचा उजवा कोपरा

"एकीवर चढत नाही आणि एकीवर राहत नाही," असं म्हणत टोपणं बसवणाऱ्या शालननं दोन मीटरपट्ट्या माझ्यासमोर आपटल्या. "सांगा मॅडम, ह्यातली खरी कुठली?"

तिनं पहिल्या पट्टीच्या टोकावर पितळी टोपण चढवलं. ते अर्ध्यावर अडकलं. दुसरीवर चढवलं. ते बसलं, पण पट्टी उभी धरताच सुटून माझ्या चहात पडलं.

"लांबी दोन्हींची बरोबर एक मीटर आहे," मी म्हणाले.

"लांबीला कोण नावं ठेवतंय? जाडीचं बोला की."

गोष्ट सत्त्याण्णव सालची. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'अचूक सायंटिफिक वर्क्स' नावाचा कारखाना होता. शाळांच्या प्रयोगशाळांसाठी तिथे लाकडी मीटरपट्ट्या बनत. अचूकता नावात होती. ती आणखी कुठे सापडते का ते पाहण्यासाठी मला नेमलं होतं. मी एम.एस्सी. फिजिक्स, पहिला वर्ग. मालक महालिंग आवटी, म्हणजे अण्णा, पाहुण्यांना माझी ओळख करून देत, "ह्या आमच्या फिजिक्सच्या मॅडम." नवा फ्रीज दाखवताना लोक याच आवाजात बोलतात.

पट्टीची जाडी ठरत असे एका यंत्रावर. ड्रम सँडर. कारखान्यात त्याला सगळे ढोल म्हणत. वर काचकागद गुंडाळलेला, दोन फूट लांबीचा गोल ढोल गरगर फिरतो. खाली लोखंडी टेबल. मधल्या फटीतून पट्ट्या सरकवायच्या, एका वेळी सात-आठ, शेजारी शेजारी. फट जेवढी तेवढी जाडी. फक्त एक अट असते. टेबल आणि ढोल एकमेकांना समांतर हवेत. टेबल एका बाजूला केसभर जरी खाली बसलं, तरी त्या बाजूच्या पट्ट्या जाड निघतात आणि दुसऱ्या बाजूच्या पातळ. मग टोपण कुठे अडकतं आणि कुठे चहात पडतं.

"आधी कधी व्हायचं असं?" मी शालनला विचारलं.

"नाही बाई. तुम्ही आल्यापासूनच."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं नाही. त्याला एकक नव्हतं.

महिन्यापूर्वी, म्हणजे रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, मी एकदा साडेसातलाच कारखान्यात पोचले होते. आदल्या दिवशी सुट्टी होती. आमच्याकडे सुट्टी रविवारी नसे, अमावास्येला असे. त्या दिवशी सुतार हत्याराला हात लावत नाहीत आणि अण्णांनी ती प्रथा पाळली होती. तर त्या सकाळी ढोलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पाय केरबा मिस्त्रींचे होते. कारखान्यातले सर्वांत जुने सुतार, चोवीस वर्षांची नोकरी. हातात पाना आणि तोंडात तंबाखू.

"हे काय चाललंय, मिस्त्री?"

"काय न्हाई. जरा बघत हुतो."

"पान्यानं?"

ते बाहेर आले, पँट झटकली आणि म्हणाले, "सवय हाय मॅडम."

सवयीनं यंत्र जुळवायचं नसतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. चांगली दहा मिनिटं समजावलं. समायोजन कोणी केलं, कधी केलं, किती केलं, याची नोंद नसेल तर त्याला काही अर्थ नाही, वगैरे. यापुढे टेबलाच्या बोल्टना माझ्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "आता तुमीच बघा."

पुढच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी शालननं त्या दोन पट्ट्या आणून आपटल्या.

मी बघितलं. सागाच्या एका तुकड्यातून दोन सारखे ठोकळे कापून घेतले, ढोलाच्या दोन टोकांखाली ठेवले आणि टेबल हळूहळू वर घेतलं. डावा ठोकळा ढोलाला टेकला, उजवा टेकेना. फीलर गेज, म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, माझ्याकडे होता. त्यातलं बरोबर ०.३ मिलिमीटरचं पातं उजव्या फटीत गेलं. टेबलाचा उजवा कोपरा खाली बसला होता. मी नट सैल केला, बोल्ट फिरवला, पातं घातलं, पुन्हा फिरवला. चाळीस मिनिटांनी दोन्ही ठोकळे एकाच वेळी टेकले. मग एक रद्दी फळी ढोलाखालून घालून तिची दोन्ही टोकं मोजली. फरक शून्य.

केरबा मिस्त्री पलीकडे करवतीला धार लावत होते. "माझी पंधरा मिन्टं जायची," ते करवतीला म्हणाले.

मी चारही नटांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, अर्धा नटावर, अर्धा टेबलावर. नट तसूभर हलला तरी ठिपक्याला तडा जाईल. ती बाटली मला मावसबहिणीनं दिली होती, 'जरा बाईसारखी राहा' असं म्हणून. तिचा इतका चांगला उपयोग होईल असं तिलाही वाटलं नसेल.

रोज सकाळी नोंद घेतली. शून्य, शून्य, शून्य. अठ्ठावीस दिवस शून्य. मग अमावास्येची सुट्टी आली, आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडे ०.३, उजव्या नटावरचा ठिपका चिरलेला.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मला शिकवलेलं. मी पुन्हा जुळवलं, पुन्हा ठिपका लावला, पुन्हा महिनाभर शून्य लिहिलं. पुन्हा सुट्टी, पुन्हा ०.३. चंद्राचं आकर्षण आमच्या टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर चालतं ही शक्यता मी विचारात घेऊन सोडून दिली. हा विनोद तेव्हा मला फार आवडला होता.

मग मी आलेख काढला. हिरव्या आलेख-कागदावर, दोन उंच शिखरं, मध्ये सपाट मैदान. खाली अहवाल, दीड पान. बिघाड यंत्राचा नाही, मानवी हस्तक्षेपाचा आहे. तो फक्त सुट्टीच्या दिवशी होतो. कारखान्याच्या किल्ल्या दोन, एक मालकांकडे आणि एक केरबा सुतार यांच्याकडे. नाव मी फक्त किल्लीच्या संदर्भात लिहिलं होतं. आरोप करणं माझ्या कामात बसत नव्हतं.

अण्णांनी अहवाल दोनदा वाचला. डाव्या हातानंच पान उलटलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. ती कशी गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. असे प्रश्न विचारणं असभ्य असतं.

"अमावास्येला सकाळी साडेनऊला मी स्वतः येऊन जातो की," ते म्हणाले. "पूजा करून जातो. दहा मिनिटं. तेव्हा तर मशीन व्यवस्थित असतं."

"म्हणजे जे काही होतं ते दहानंतर होतं," मी म्हणाले, आणि अहवालाच्या समासात तशी दुरुस्ती केली.

अण्णांनी केरबांना बोलावलं. दार लावायला मला सांगितलं, त्यामुळे मी आत राहिले.

"केरबा, हे मशीन कोण हलवतं?"

"मॅडमनी सांगितल्यापासनं मी पान्याला हात लावला न्हाई."

"त्याआधी लावत होतास?"

"लावत हुतो."

"कशाला?"

मिस्त्रींनी एकदा अण्णांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. नजर चुकवली, असं मी मनात नोंदवलं. खरं तर ती अण्णांच्या टेबलावरच्या हाताकडे गेली होती. मी ते पाहिलं, पण मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

"हा ढोल आला तेव्हा सहा रंधेवाले घरी गेले," अण्णा म्हणाले. "तुझा भाऊ त्यातला. तुझ्या मनात सल असंल तर मी समजू शकतो."

"सल हाय. पर टेबल वाकडं करून भाऊ परत कामावर येतोय व्हय?"

"मग तूच सांग ना, कोण करतं! दुसरी किल्ली कुणाकडं आहे?"

"मला बोलाय लावू नका अण्णा."

"बोल की! चोवीस वर्षं मी तुला कधी अडवलं?"

केरबांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमची मापं खरी हाईत हां. त्यात चूक काडू नका." आणि गेले.

अण्णांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. मला म्हणाले, "तुम्हीच ठेवा आता ही." मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

बाहेर शालन टोपणं भरत होती. "झालं का मनासारखं?" तिनं विचारलं.

"मनाचा प्रश्न नाही, शालन. पुरावा होता."

"मग त्या पुराव्यालाच उद्या फळ्या कापायला लावा."

केरबा गेल्यावर महिनाभर टेबल शून्यावर राहिलं. माझ्या अहवालाला यामुळे बळकटी आली असं कोणालाही वाटलं असतं, पण टेबल त्याआधीही महिनाभर शून्यावरच राहत असे. खरी परीक्षा अमावास्येची. संशयित गेला आहे, किल्ली माझ्याकडे आहे, तर या वेळी फरक पडता कामा नये. तसं सिद्ध झालं की तक्ता पूर्ण होणार होता. मला अपूर्ण तक्ते बघवत नाहीत.

म्हणून अमावास्येला सकाळी आठ वाजता मी लुनावरून कारखान्यात गेले, दार आतून ओढून घेतलं आणि नोंद घेतली. शून्य. ठिपके शाबूत. मग मागच्या स्टोअरमध्ये बसून वही नीट उतरवू लागले. स्टोअरला फळ्यांची भिंत होती, बोटभर फटींची.

साडेनऊला अण्णांची स्कूटर वाजली. दार उघडंच आहे हे पाहून ते "कोण आहे?" म्हणतील असं मला वाटलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. अंघोळ करून आलेले, कपाळावर भस्म, हातात पिशवी. मी उठून बाहेर जाणार, तेवढ्यात ते मध्येच थांबलेले दिसले. ढोलापासून दहा फुटांवर. चपला काढल्या, आणि तिथेच उभे राहिले.

मला आठवलं की गेल्या चार-पाच महिन्यांत मी अण्णांना त्या यंत्राच्या जवळ कधी पाहिलंच नव्हतं. ते नेहमी करवतीपाशी उभे राहून ढोलावरच्या माणसाला हाका मारत.

मग ते पुढे गेले. टेबलाला हळदकुंकू लावलं. पिशवीतून नारळ काढून डाव्या हातात घेतला आणि पुटपुटले, "आता पुरे. आता कुणाचं घेऊ नको." आणि सगळा जोर काढून नारळ टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर मारला.

फुटला नाही. डावा हात त्यांचा कामाचा नव्हता. दुसरा घाव बसला, तिसरा बसला. प्रत्येक घावाला टेबल खालपर्यंत दणकत होतं. पाचव्याला नारळ फुटला, पाणी लोखंडावरून ओघळलं. अण्णांनी तीन बोटांचा उजवा हात त्या कोपऱ्यावर ठेवला, पोळल्यासारखा लगेच उचलला, खोबऱ्याचा एक तुकडा तिथे ठेवला आणि चपला घालून गेले.

मी बाहेर आले. ओल्या टेबलावर ठोकळे ठेवले. उजवीकडे ०.३. ठिपका चिरलेला.

आता तक्ता पूर्ण झाला होता.

केरबा मिस्त्रींचं घर गावठाणात होतं. सोप्यात पाटावर रंधा, पटाशी, करवत ओळीनं मांडून त्यांना फुलं वाहिलेली. नोकरी गेली तरी हत्यारांची सुट्टी चालू होती. मिस्त्री त्यांच्याशेजारी पेपर वाचत होते.

"या मॅडम. अगं, चहा टाक गं, फिजिक्सच्या मॅडम आल्यात."

"नारळ," मी म्हणाले.

त्यांनी पेपरची घडी घातली. "बगितलासा व्हय?"

"तुम्हाला माहीत होतं."

"नऊ वर्सं माहीत हाय."

"मग सांगितलं का नाही? निदान मला?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी कागदावर लिवलं असतं," ते म्हणाले.

चहा आला. मिस्त्रींनी सांगितलं ते थोडक्यात असं. ढोल नवा होता तेव्हा एक मोठी मागणी अंगावर आली होती. अमावास्येला काम करा, म्हणून अण्णा सगळ्यांच्या मागे लागले. सुतार तयार झाले नाहीत. अण्णा चिडले, "माझ्या मशीनला अमावास्या कळत नाही," म्हणाले आणि एकटेच जाऊन पट्ट्या घालू लागले. एक पट्टी उजव्या बाजूला अडकली. त्यांनी हात घातला.

"मी शेजारच्या कारखान्यात पावण्याला भेटाय गेलो हुतो म्हणून वरडणं ऐकू आलं. बटण मी बंद केलं. अण्णा मला म्हणत हुते, केरबा, तू नको म्हणला हुतास. दवाखान्यात जाईपतूर तेवढंच म्हणत हुते." मिस्त्रींनी बशीत चहा ओतला. "वर्सभर कारखान्यात पाय ठेवला न्हाई त्यांनी. विकायला काढला हुता. मग कुणीतरी सांगितलं, नारळ फोडा दर आवसेला. तवापासनं येतात. आता मी त्यास्नी सांगू का, की तुमच्या नारळानं टेबल बसतंय म्हणून? नारळ बंद केला तर मानूस बसंल की!"

"दुसरीकडे फोडायला सांगता येईल. दगडावर."

"बोटं दगडावर गेली हुती का?"

मी चहा संपवला. दर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या आधी येऊन, पंधरा मिनिटं. नऊ वर्षांत एकाही टोपणाची तक्रार नाही. मग एक पहिल्या वर्गाची एम.एस्सी. आली आणि तिनं यंत्रातला एकमेव चांगला चालणारा भाग बंद करून टाकला.

"तुम्ही परत या," मी म्हणाले.

"कसा येणार? चोर ठरून गेलोय. अण्णांनी बोलावलं तर येईन. पर ते कशापायी बोलावतील?"

"मी सांगते त्यांना."

"नारळाचं न्हाई सांगायचं. शप्पत घ्या."

"मग काय सांगू?"

"ते तुमी बगा. कागद तुमी लिवलाय."

त्या रात्री मी दुसरा अहवाल लिहिला. अर्ध्या पानाचा, खोटं लिहायला जागा कमी लागते. फीलर गेजच्या पात्यांवर गंज होता. सुट्टीत यंत्र थंड पडतं, धातू आकसतो, ही बाब निरीक्षकानं लक्षात घेतली नव्हती. नेलपॉलिश वाळल्यावर आपोआप चिरतं. निष्कर्ष: टेबलात कधीही बिघाड नव्हता, मोजण्यात होता. केरबा सुतार यांचा काहीही संबंध नाही. दर सुट्टीनंतर त्यांनी जुन्या पद्धतीनं टेबल तपासावं, अशी शिफारस. खाली सही, आणि कंसात शैक्षणिक पात्रता. यातलं एकही वाक्य माझ्या प्राध्यापकांनी तीन मिनिटं टिकू दिलं नसतं.

अण्णांनी ते एकदाच वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी राग समजले. पुढची पंचवीस वर्षं मी मोजमापांच्या प्रयोगशाळांत काढली, पुष्कळ अहवाल पुष्कळ मालकांना दिले. अहवाल वाचून इतका आनंद झालेला माणूस पुन्हा पाहिला नाही.

"म्हणजे केरबानं काहीच केलं नाही?"

"काही नाही."

"आणि चूक सगळी तुमची?"

"हो."

"सगळी?"

"सगळी, अण्णा."

"बघा!" ते उठूनच उभे राहिले. "मला वाटतच होतं. होतं मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. नवीन आहात. शिकाल." आणि किल्ली माझ्याकडून मागून घेऊन स्वतः स्कूटर काढून गावठाणात गेले. तासाभरानं केरबा मागच्या सीटवर बसून आले. शालननं टोपणांचा डबा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गंज होता म्हणं पात्यांवर."

"हो."

"कालपर्यंत तर चकचकीत होती."

तिनं पुढे काही विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून माझा चहा ती झाकून ठेवू लागली.

पुढच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी साडेसातला पोचले. केरबा आधीच टेबलाखाली होते. मी ठोकळे ठेवले, पातं घातलं. ०.३ चं पातं सैल गेलं. ०.४ चं गेलं, ०.५ चंही गेलं, ०.६ चं बरोबर बसलं.

"पॉइंट सहा," मी म्हणाले. "मिस्त्री, दुप्पट आहे. हे कसं काय?"

"व्हणारच. परवा अण्णा सांगत हुते. त्या मॅडमच्या मापाच्या पात्यांना कुणाची तरी नजर लागली, पोरगी हुशार हाय पर चुकायला लागली, म्हणून आता दर आवसेला एक नारळ तिच्या नावानं." टेबलाखालून केरबांचा हात बाहेर आला. हातात पाना होता. "माझ्या नारळाचं मी बगतो. दुसरा तुमचा हाय, तो तुमी पिळा."

मी ओढणी कमरेला खोचली आणि खाली शिरले.